कान, नाक, घसा: कुठे थांबायचं आणि कुठे धावायचं

रात्री दोनच्या सुमारास मूल कान धरून किंचाळत उठतं. दिवसभर नुसती सर्दी होती, आणि आता ते कुणालाही कानाला हात लावू देत नाही. घरातली मोठी माणसं घाबरून जातात, कुणीतरी तेल कोमट करायला घेतं. दुसरीकडे पन्नाशीचा एखादा माणूस सकाळी उठतो तर त्याला एका कानाने ऐकू येत नसतं. दुखत तर काहीच नाही. 'मळ साचला असेल' म्हणून तो महिनाभर तसाच काढतो. पहिल्या प्रसंगात सकाळपर्यंत थांबलं तरी बहुतेक वेळा काही बिघडत नाही. दुसऱ्या प्रसंगात मात्र त्या महिन्यात कान कायमचा जाऊ शकतो.

कान-नाक-घशाच्या दुखण्यांत माणसं चुकतात ती इथेच. किती दुखतंय यावरून घाई ठरवली जाते, आणि ती ठरायला हवी असते वेगळ्याच खुणांवरून. हा लेख त्या खुणांबद्दल आहे, आणि घरी जे करायचं ते नीट कसं करायचं याबद्दलही.

आधी एक गोष्ट डोळ्यांसमोर आणा. कानाच्या पडद्यामागे हवेने भरलेली एक छोटी पोकळी असते. तिथून एक बारीक नळी निघते आणि नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या भागात उघडते. गिळताना, जांभई देताना ती क्षणभर उघडते आणि पडद्याच्या दोन्ही बाजूंचा दाब सारखा होतो. सर्दीत या नळीचं तोंड सुजतं, म्हणून दडे बसतात. लहान मुलांत ही नळी आखूड आणि जवळजवळ आडवी असते, म्हणून मुलांची सर्दी कानात उतरते. हे तीन अवयव एकाच डॉक्टरकडे का जातात, त्याचं हे एक मोठं कारण.

मुलाचा कान रात्री ठणकला तर

1. मुलाला आडवं ठेवू नका. उभं धरा किंवा मांडीवर टेकवून बसवा. आडवं झालं की पडद्यामागचा दाब वाढतो आणि ठणका चढतो.

2. पॅरासिटामॉल वजनाच्या हिशेबाने द्या: एका वेळी किलोमागे 15 मिलिग्रॅमपर्यंत. 10 किलोच्या मुलाला 150 मिलिग्रॅम. दोन मात्रांमध्ये किमान 4 तास जायला हवेत आणि 24 तासांत चारपेक्षा जास्त मात्रा नकोत. थेंबांची बाटली आणि सिरपची बाटली यांत औषधाचं प्रमाण वेगवेगळं असतं, त्यामुळे लेबल वाचल्याशिवाय मिलिलिटर ठरवू नका. मोजायला बाटलीसोबतची पिचकारी किंवा टोपणच वापरा. बाळ तीन महिन्यांहून लहान असेल तर आधी डॉक्टर, मग औषध. मुलांना अ‍ॅस्पिरिन कधीही देऊ नका.

3. कानात काहीही घालू नका. तेल नाही, उरलेले जुने थेंब तर नाहीतच. पडद्याला भोक पडलं असेल तर घातलेलं सगळं थेट आत जातं.

कधी कधी पहाटे ठणका अचानक थांबतो आणि उशीवर पिवळसर डाग दिसतो. पडदा फुटून आतला पू बाहेर आलेला असतो. आईवडिलांचा जीव यात उडतो, पण असा फुटलेला पडदा बहुतेक मुलांत काही आठवड्यांत आपोआप भरून येतो. तोवर कानात पाणी जाऊ द्यायचं नाही आणि डॉक्टरांना दाखवायचं.

अँटिबायोटिक प्रत्येकाला लागत नाही. सहा महिन्यांच्या आतलं बाळ, दोन वर्षांच्या आतल्या मुलाचे दोन्ही कान, कानातून पू, 39 अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त ताप, दोन दिवसांनंतरही न उतरलेला ठणका: अशा वेळी ते लागतं, आणि सहसा पहिली निवड साधं अ‍ॅमॉक्सिसिलिनच असतं. बाकी मुलांत डॉक्टर दोन-तीन दिवस नुसती नजर ठेवायला सांगतात. 'काहीच औषध दिलं नाही' म्हणून अशा डॉक्टरांवर रागावू नका. त्यांनी विचार करून सांगितलेलं असतं.

कानामागे सूज येऊन कान पुढे ढकलल्यासारखा दिसणं, मूल सुस्तावणं, मान ताठ होणं, चेहऱ्याची एक बाजू लुळी पडणं यांपैकी काहीही दिसलं तर मात्र सकाळची वाट पाहायची नाही.

दुखणं गेल्यावरही पडद्यामागे चिकट पाणी राहू शकतं. मूल दोनदा हाक मारल्यावर पाहतं, टीव्हीचा आवाज वाढवतं, शाळेत लक्ष देत नाही अशी तक्रार येते. ते हट्टी झालेलं नसतं, त्याला ऐकू कमी येत असतं. हे पाणी बहुतेकदा तीन महिन्यांत ओसरतं. नाही ओसरलं तर श्रवणचाचणी करून पडद्यात ग्रोमेट नावाची बारीक नळी बसवायची का, ते ठरवतात.

मळ, खाज आणि वाहणारा कान

मळ ही घाण नाही. कानाची नळी मोठ्या माणसात साधारण अडीच सेंटिमीटर लांब असते, मळ फक्त तिच्या बाहेरच्या भागात तयार होतो आणि जबड्याच्या हालचालीसोबत हळूहळू आपोआप बाहेर सरकतो. कापसाची काडी त्याला उलट्या दिशेने, पडद्याकडे ढकलते. पिन, काडेपेटीची काडी, गाडीची किल्ली यांनी तर नळीची नाजूक त्वचा सोलवटते. मळ घट्ट बसलाच तर सोडियम बायकार्बोनेटचे किंवा तेलाचे थेंब 3 ते 5 दिवस घालून तो मऊ करायचा. पडद्याला भोक असेल, कानाची शस्त्रक्रिया झाली असेल किंवा ग्रोमेट असेल तर थेंबही घालायचे नाहीत. थेंब घालण्याआधी बाटली मुठीत धरून अंगाइतकी कोमट करा, कारण गार थेंबांनी गरगरतं. कुशीवर झोपा, मोठ्या माणसाच्या कानाची पाळी वर आणि मागे ओढा (लहान मुलाची खाली आणि मागे), थेंब सोडा आणि पाच मिनिटं तसेच पडून राहा.

कानाला जबरदस्त खाज, दडा बसल्यासारखं वाटणं, पाळी ओढली किंवा कानापुढचा छोटा उंचवटा दाबला की कळ येणं: हा बाहेरच्या नळीचा संसर्ग, अनेकदा बुरशीचा. पाणी गेलेला किंवा सतत कोरलेला कान बुरशीला आवडतो. इथे थेंबांपेक्षाही आधी सफाई लागते. डॉक्टर सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी ओढून काढतात, मग औषध काम करतं. सफाई न करता थेंब घालत राहिलं की दर महिन्याला तीच तक्रार घेऊन जावं लागतं. मधुमेही माणसाचा कान रात्री झोपू न देण्याइतका ठणकत असेल तर ते साधं समजू नका. हा संसर्ग कवटीच्या हाडात उतरू शकतो.

वर्षानुवर्षं वाहणाऱ्या कानाचे दोन प्रकार आहेत आणि दोघांत फार मोठा फरक आहे. एकात सर्दी झाली, पाणी गेलं की भरपूर, पातळ, वास नसलेला स्राव येतो. दुसऱ्यात स्राव थोडा, पण दुर्गंधी असह्य. या दुसऱ्या प्रकारात पडद्याची त्वचा आत ओढली जाऊन तिची पिशवी झालेली असू शकते, आणि ती पिशवी आजूबाजूचं हाड पोखरत जाते. ऐकणं, तोल, चेहऱ्याची नस, शेवटी मेंदूचं आवरण असा तिचा प्रवास होऊ शकतो. तिला औषध नाही, शस्त्रक्रियाच लागते. दुर्गंधी येणारा कान लपवण्याकडे माणसांचा कल असतो, आणि त्यातच वर्षं जातात.

वाहत्या कानात थेंब घालण्याआधी तो कोरडा करावा लागतो. स्वच्छ शोषक कापसाची किंवा टिश्यूची मऊ वात वळा, हलकेच नळीत ठेवा, मिनिटभराने ओली झालेली काढून नवी ठेवा, वात कोरडी बाहेर येईपर्यंत. मग डॉक्टरांनी दिलेले थेंब. सहसा सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारखे थेंब दिले जातात. पडद्याला भोक असताना जेंटामायसिन किंवा निओमायसिन असलेले थेंब स्वतःहून घेऊ नका, ते आतल्या कानाला इजा करू शकतात. अंघोळीच्या वेळी व्हॅसलिन लावलेला कापसाचा बोळा कानात ठेवा.

अचानक गेलेला कान

ज्या एका परिच्छेदासाठी हा लेख लिहावासा वाटला, तो हा. काही तासांत किंवा तीन दिवसांच्या आत एका कानाचं ऐकणं गेलं, दुखत नाही, सर्दी नाही, कदाचित शिट्टीसारखा आवाज येतोय, तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन श्रवणचाचणी करून घ्या. हा नसेचा बहिरेपणा असेल तर स्टेरॉइडचा उपचार जितक्या लवकर सुरू होईल तितका चांगला. पहिले दोन आठवडे महत्त्वाचे. नंतर आशा झपाट्याने कमी होत जाते.

घरी एक सोपी परीक्षा करता येते. तोंड मिटून 'म्म्म' असा सूर धरा. बंद वाटणाऱ्या कानातच तो मोठा घुमला तर अडथळा बहुधा बाहेरच्या किंवा मधल्या भागात आहे: मळ, पाणी, सर्दी. तो चांगल्या कानात मोठा वाटला तर नसेचा संशय घ्या आणि निघा. डॉक्टर 512 हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क कपाळावर टेकवून हेच तपासतात. घरच्या परीक्षेवर भरवसा ठेवून घरी थांबायचं मात्र नाही. एखाद-दोन दिवसांत मळ निघून ऐकणं परत आलं नाही, तर तपासणी हवीच.

कूस बदलली की खोली फिरते

अंथरुणात कूस बदलताना, वर पाहताना काही सेकंद सगळं गरागरा फिरतं, एक मिनिटाच्या आत थांबतं, पुन्हा तीच हालचाल केली की पुन्हा तेच. याला अनेकदा 'मानेची चक्कर' म्हणून मानेचा पट्टा मिळतो, आणि मला त्याचं वाईट वाटतं. कारण इथे मानेचा काही दोष नसतो. आतल्या कानातले कॅल्शियमचे सूक्ष्म कण जागा सोडून तोल सांभाळणाऱ्या अर्धवर्तुळाकार नळीत जाऊन पडलेले असतात. गोळ्यांनी ते कण परत जाग्यावर जात नाहीत. डोकं विशिष्ट क्रमाने फिरवून मात्र जातात. याला एपली पद्धत म्हणतात. पहिल्यांदा ती डॉक्टरांकडूनच करून घ्या, म्हणजे कोणता कान ते पक्कं होईल. उजवा कान असेल तर:

1. पलंगावर पाय लांब करून बसा. मागे अशी उशी ठेवा की आडवं झाल्यावर ती खांद्याखाली येईल.
2. मान उजवीकडे 45 अंश वळवा आणि तशीच ठेवून झटकन मागे आडवे व्हा. डोकं किंचित खाली झुकलेलं हवं. गरगरेल. डोळे उघडे ठेवा, थांबेपर्यंत आणि त्यावर अर्धा मिनिट थांबा.
3. डोकं न उचलता ते डावीकडे 90 अंश वळवा. पुन्हा अर्धा मिनिट.
4. आता अंगासकट डाव्या कुशीवर वळा, नाक जमिनीकडे. पुन्हा अर्धा मिनिट.
5. हनुवटी छातीकडे ठेवून डाव्या बाजूने सावकाश उठून बसा.

डावा कान असेल तर सगळ्या दिशा उलट. सोबत कुणीतरी असू द्या. मानेचा गंभीर आजार असेल तर हे स्वतः करू नका. आणि चक्करेबरोबर बोलणं अडखळणं, दोन-दोन दिसणं, हातापायातली ताकद जाणं किंवा उभंच राहता न येणं असेल तर तो कान नाही, मेंदूचा झटका असू शकतो. थेट रुग्णालय.

घोळणा फुटला

नाकातून रक्त आलं की डोकं मागे करायचं, ही सवय इतकी खोल आहे की शिकलेली माणसंही तेच करतात. मागे केलं की रक्त घशात जातं, पोटात जातं, उलटी होते आणि किती गेलं ते कळतही नाही.

बसा. पुढे झुका. नाकाचा खालचा मऊ भाग, हाडाच्या खालचा, अंगठा आणि बोटाने दोन्ही बाजूंनी घट्ट चिमटीत धरा. तोंडाने श्वास घ्या, तोंडात आलेलं रक्त थुंका. घड्याळ लावून पूर्ण 10 ते 15 मिनिटं. मध्ये 'थांबलं का' म्हणून पाहायचं नाही, कारण तेव्हाच नुकती धरलेली गुठळी निघते. बहुतेक वेळा रक्त दोन नाकपुड्यांमधल्या पडद्याच्या पुढच्या भागातून येतं, जिथे रक्तवाहिन्यांचं जाळं आहे. नेमका तोच भाग या चिमटीत दाबला जातो. वर हाडावर दाबून काही उपयोग नाही.

दुसऱ्यांदा 15 मिनिटं धरूनही थांबलं नाही, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत, किंवा रक्त पुढे कमी आणि घशात जास्त उतरतंय, तर रुग्णालयात जा. थांबल्यावर दिवसभर नाक शिंकरू नका, वाकून जड उचलू नका, गरम पेय टाळा. कोरड्या हवेत वारंवार होत असेल तर नाकाच्या आत व्हॅसलिनचा पातळ थर रोज लावा. किशोरवयीन मुलाला एकाच बाजूने वारंवार भरपूर रक्त येत असेल आणि ती बाजू चोंदलेली असेल, तर दुर्बिणीने तपासणी होईपर्यंत स्वस्थ बसू नका.

सर्दी, सायनस आणि नाक धुणं

सर्दीचे विषाणू दोनशेहून जास्त आहेत. ती 7 ते 10 दिवसांत जाते. चौथ्या दिवशी शेंबूड पिवळा-हिरवा होतो तो पांढऱ्या पेशींच्या रंगद्रव्यामुळे. त्यावरून जिवाणू आले असं ठरत नाही. जिवाणूंचा सायनस मानावा तो 10 दिवसांत काहीच उतार नसेल, किंवा बरं वाटून पुन्हा ताप आणि दुखणं उलटलं असेल, किंवा 39 अंश ताप आणि चेहऱ्याच्या दुखण्यासह तीन-चार दिवस घट्ट पू येत असेल तेव्हा. डोळ्याभोवती सूज आली किंवा दिसण्यात फरक पडला तर लगेच निघायचं.

नाक चोंदलं की दुकानातून थेंब आणले जातात. झायलोमेटाझोलिन, ऑक्सिमेटाझोलिन. मिनिटभरात नाक मोकळं होतं, आणि तिथेच फसगत आहे. पाच दिवसांहून जास्त वापरले की थेंब उतरल्यावर नाक आधीपेक्षा जास्त चोंदतं, मग पुन्हा थेंब. वर्षानुवर्षं उशाखाली बाटली ठेवणारी माणसं अशीच तयार होतात. वाफेने थोडं बरं वाटतं, पण मुलांच्या जवळ उकळत्या पाण्याचं भांडं ठेवू नका. भाजण्याचा धोका खरा आहे.

मला सगळ्यात उपयोगाचं वाटतं ते नाक धुणं. पाणी एक मिनिट खळखळून उकळा आणि कोमट होऊ द्या. नळाचं कच्चं पाणी वापरू नका. नेग्लेरिया फाउलेरी नावाचा अमीबा पोटात गेला तर काही करत नाही, पण नाकावाटे मेंदूत पोचला तर जीव घेतो. 240 मिलिलिटर पाण्यात छोटा अर्धा चमचा आयोडीनविरहित मीठ आणि चिमूटभर खाण्याचा सोडा घाला. बेसिनवर वाका, डोकं एका बाजूला वळवा, तोंड उघडं ठेवून तोंडानेच श्वास घ्या, वरच्या नाकपुडीत बाटली हलकेच दाबा. पाणी खालच्या नाकपुडीतून येईल. मग एकेक नाकपुडी हळूच शिंकरा. बाटली दर वेळी धुऊन वाळवा.

अ‍ॅलर्जीच्या सर्दीत, सकाळी शिंका, नाकाला-डोळ्यांना खाज, पाण्यासारखं नाक, स्टेरॉइडचा फवारा हे मुख्य औषध. त्याची भीती बाळगण्याचं कारण नाही, मोमेटासोन किंवा फ्लुटिकासोन रक्तात फार थोडं जातं. पण ते रोज घ्यावं लागतं आणि पूर्ण परिणामाला एक-दोन आठवडे लागतात. नाक धुतल्यावर थोड्या वेळाने, मान किंचित पुढे, उजव्या नाकपुडीसाठी डावा हात आणि डाव्यासाठी उजवा. फवाऱ्याचं तोंड डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे, मधल्या पडद्याकडे नव्हे, नाहीतर रक्त येतं. फवारताना जोरात ओढू नका. घशात चव लागली तर औषध गिळलं गेलं.

लहान मुलाच्या एकाच नाकपुडीतून घाण वासाचा स्राव म्हणजे आत काहीतरी अडकलंय असंच धरा. मणी, दाणा, फोम. चिमट्याने काढायला जाल तर ते मागे जाईल. एक युक्ती बरेचदा चालते: आईने मुलाच्या तोंडावर तोंड ठेवून मोकळी नाकपुडी बोटाने बंद करायची आणि एक छोटी फुंकर मारायची. वस्तू पुढे येते. बटन सेल असेल तर मात्र युक्त्या नकोत, पाणी नको, थेंब नकोत, थेट रुग्णालय. नाकात, कानात वा अन्ननलिकेत तो काही तासांतच आतला भाग जाळतो. कानात जिवंत किडा गेला असेल आणि पडदा धड असेल तर तेलाचे थेंब टाकून तो आधी मारा, मग काढून घ्या.

घसा

घसादुखी बहुतेक विषाणूंची. खोकला, नाक वाहणं, आवाज बसणं सोबत असेल तर नक्कीच तिकडे झुकतं. मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या, पाणी, पॅरासिटामॉल, आठवडाभर. उलट, ताप आहे, खोकला नाही, मानेत पुढे दुखऱ्या गाठी आहेत आणि टॉन्सिलवर पांढरे ठिपके आहेत, तर स्ट्रेप्टोकॉकस या जिवाणूची शक्यता वाढते, खास करून 5 ते 15 वर्षांच्या मुलांत. तिथे घशाची चाचणी करून पेनिसिलिन किंवा अ‍ॅमॉक्सिसिलिन 10 दिवस पूर्ण घ्यायचं. तिसऱ्या दिवशी घसा बरा वाटतो म्हणून औषध सोडू नका. हे औषध हृदयाच्या झडपांना वाचवण्यासाठीही असतं, संधिवाताचा ताप टाळण्यासाठी.

टॉन्सिल काढायचे का? ढोबळ नियम असा: एका वर्षात सात, सलग दोन वर्षं दरवर्षी पाच, किंवा सलग तीन वर्षं दरवर्षी तीन, नोंद असलेली खरी दुखणी. मूल रात्री घोरून श्वास थांबवत असेल तर हा हिशेब लागू नाही, तिथे लवकर निर्णय घ्यावा लागतो.

तोंड उघडत नाही, एका बाजूलाच भयंकर दुखतं, आवाज गुळणी धरल्यासारखा झालाय, लाळही गिळता येत नाही: टॉन्सिलमागे गळू झालंय, ते फोडावं लागेल. मूल पुढे वाकून बसलंय, लाळ गळतेय, श्वास घेताना घरघर येतेय, तर घसा पाहायला चमचा घालू नका, त्याला आडवंही करू नका. आहे तसं बसवून घेऊन जा.

आवाज बसला तर कुजबुजून बोलणं हा आराम नव्हे. कुजबुजताना स्वरयंत्रावर ताण येतोच. कमी बोला, हळू पण खऱ्या आवाजात. घसा सतत खाकरत असाल तर कारण अनेकदा खाली, पोटातल्या आम्लात असतं. झोपण्याआधी तीन तास काही न खाणं आणि पलंगाची डोक्याकडची बाजू 15 सेंटिमीटर उचलणं, एवढ्याने पुष्कळांना फरक पडतो.

तीन आठवडे ही मुदत मात्र लक्षात ठेवा. तीन आठवड्यांहून जास्त बसलेला आवाज, न भरलेली तोंडातली जखम, न गेलेली मानेतली गाठ, गिळताना अडणं. तंबाखू वा दारूचं व्यसन असेल तर आणखीच तातडीने, पण नसेल तरीही दुर्बिणीने स्वरयंत्र पाहून घ्या. आणि मोठ्या माणसाचा एकच कान दुखतोय, तपासला तर कान अगदी स्वच्छ, पडदा चकचकीत, असं असेल तर 'काही नाही' म्हणून घरी येऊ नका. कानाला आणि घशाला संवेदना पुरवणाऱ्या नसा सामायिक आहेत, त्यामुळे जिभेच्या मुळाशी किंवा घशात असलेल्या गाठीचं दुखणं कानात जाणवू शकतं. डॉक्टरांना सरळ सांगा: कान ठीक आहे, आता घसा बघा.